कारकूनबाईचा खुराक

७ फेब्रुवारी

वन्सं,

अक्षर ओळखलं असेलच. वर्षातून एकदा कार्डावर दोन ओळी खरडणारी मी आज अख्खा कागद घेऊन बसले आहे, म्हणजे काहीतरी काम असणार, हेही ओळखलं असेल. आहे, कामच आहे. ते आधी सांगून टाकते.

आमच्या शेजारीणबाईंची मांजर आजारी आहे. वय झालंय, अठरा-एकोणीस. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं की किडन्या थकल्यात, मागच्या पायांचे सांधे धरलेत आणि पोटही वेळेवर साफ होत नाही. या बऱ्या होणाऱ्या गोष्टी नाहीत, सांभाळायच्या आहेत, असं म्हणाल्या. खाणं बदलून दिलं. मांजर ते नवं खाणं हुंगते, त्यावर माती लोटल्यासारखा पंजा फिरवते आणि निघून जाते. मग शेजारीणबाईंनी जेवणाला जोड म्हणून मिळतं ते एकेक सुरू केलं. सांध्यांची पावडर, माशाचं तेल, पोटासाठी ते चांगले जंतू असतात ते, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून माणसांच्या व्हिटॅमिनच्या गोळीचा पाव तुकडा. मी शाळेच्या प्रयोगशाळेत आहे म्हणजे मला रसायनं कळतात, असा त्यांचा समज. मला नळ्या धुता येतात आणि काट्यावर नीट तोलता येतं, एवढंच. तुम्ही मात्र हॉस्पिटलच्या औषधखान्यात इतकी वर्षं काढलीत. म्हणून विचारते, यातलं काय द्यावं आणि काय देऊ नये?

मांजर गुणी आहे हो. पांढरीशुभ्र. कागद दिसला की त्यावर बसायची खोड आहे. बाई लिहायला बसल्या की आधी ती बसून घेते, मग उरलेल्या जागेत बाई लिहितात.

इकडे सगळं ठीक. तुमचे दादा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आता स्वतःच्या दोन मजल्यांवर चढताना मध्येच थांबून कठडा हलवून बघतात. गुडघे दुखतात म्हणून थांबलात का, असं विचारलं की म्हणतात, "छे, हा कठडा सैल झालाय."

सवडीने उत्तर द्या असं लिहिणार होते, पण मांजरीला सवड कमी आहे.

तुमची
वहिनी


२४ फेब्रुवारी

वन्सं,

आठव्या दिवशी उत्तर! तेही दोन पानं, पाठपोट! मला वाटलं होतं, चार ओळी आल्या तरी मिळवली. अक्षर अजून तसंच आहे तुमचं, औषधाच्या पुडीवर मावेल इतकं बारीक.

तुम्ही लिहिलंत की माशाचं तेल चालेल, पण बाटलीवर लिव्हर हा शब्द असेल तर ते माशाच्या यकृताचं तेल, त्यातली काही जीवनसत्त्वं साठत जातात आणि थकलेल्या किडन्यांना झेपत नाहीत, तेव्हा आजच बंद करा. वाचता वाचता मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन फळीवरची बाटली उलटी करून पाहिली. लिव्हरच! शेजारीणबाईंच्या स्वयंपाकघरात, असं म्हणायचंय मला. माणसांची गोळीही त्याच दिवशी बंद केली.

सगळ्या बाटल्या पिशवीत भरून डॉक्टरीणबाईंना दाखवल्या. तरुण आहेत, पण भीडभाड ठेवत नाहीत. म्हणाल्या, "हे सगळं एकदम कुणी द्यायला सांगितलं?"

"कुणी नाही. प्रेमापोटी दिलं."

"प्रेम असू दे, पण एकेक करून द्या."

तुमचंही तेच म्हणणं होतं. एका वेळी एकच, आठवडाभर बघायचं, मग दुसरं. आता दोनच गोष्टी ठेवल्यात. जेवणात मिसळायची किडनीची पावडर, आणि ती सोसली की मग सांध्यांची. सकाळी शाळा भरायच्या आधी प्रयोगशाळेच्या काट्यावर आठवड्याच्या मात्रा तोलून पुड्या बांधते. पुडी बांधायला तुम्हीच शिकवलं होतंत. आठवतं? परीक्षा जवळ आली की तुम्ही ओट्यावर पाय सोडून बसायचात आणि औषधांची नावं पाढ्यांसारखी म्हणायचात. मी खाली भाजी निवडत असायचे. एकाही औषधाचा उपयोग मला ठाऊक नव्हता, पण क्रम पाठ झाला होता, चुकलात की मी ओरडायचे. आतल्या खोलीतून आई म्हणायच्या, "या घरात सून पास होणार आणि लेक नापास." तशा दुपारी नंतर या घरात झाल्या नाहीत. भाजी मी अजून तिथेच बसून निवडते.

मांजरीला दोन दिवस जरा उभारी आली होती. खिडकीच्या कट्ट्यावर चढली. उतरताना मात्र आधी खाली बघून मग माझ्याकडे बघितलं.

पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही विचारलंत, "मांजरीच्या कानामागे काय आहे?"

शेजारीणबाई सध्या बाहेरगावी आहेत. आल्या की बघून कळवते.

वहिनी


३ मार्च

वन्सं,

कुणी बाहेरगावी गेलेलं नाही. शेजारी कुणी बाईच राहत नाहीत. एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात आणि त्यांना मांजर नुसती दिसली तरी शिंका येतात.

कानामागे काळा पट्टा आहे. डाव्या कानामागे, पेन्सिल खोचल्यासारखा.

तुम्हाला कळलंच होतं, नाही का? तरी विचारलंत. मीच सांगावं म्हणून विचारलंत.

कारकूनबाई जिवंत आहे, वन्सं. आत्ता या कागदाच्या डाव्या कोपऱ्यावर बसली आहे. ती पळून गेलीच नव्हती. मागचं दार उघडं राहिलं, चार दिवस शोधलं, सापडली नाही, आता उगाच एवढ्या लांब येऊ नका, असं जे पत्र मी तुम्हाला पाठवलं, ते मी हिला मांडीवर घेऊन लिहिलं होतं.

तुम्ही नोकरीसाठी निघालात तेव्हा दादा दारात उभं राहून जे बोलले ते बोलले. आजारी आईला टाकून जातेस, गेलीस तर परत या घरात येऊ नकोस. आई आतून म्हणत होत्या, "जाऊ दे रे तिला, मीच जा म्हटलंय," पण ते कुणी ऐकलं नाही. तुम्ही मांजर माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "खोली मिळेपर्यंत सांभाळ." तीन महिन्यांनी तुमचं पत्र आलं. खोली मिळाली, सोळा तारखेला येते, कारकूनबाईला घेऊन जाते, दादा बोलला नाही तरी चालेल.

मी ते पत्र त्यांना दाखवलं नाही. डब्याखाली ठेवलं.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की मांजर आईंच्या पायाशी झोपायची, त्यांना तेवढीच ऊब होती, म्हणून मी तिला जाऊ दिलं नाही. ते निम्मंच खरं. दादा सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मूलबाळ नव्हतं. तुम्ही गेल्यावर त्या घरात माझ्याशी दिवसभर बोलणारं कुणी उरलं नव्हतं. आईंना औषधाने झोप लागायची. ही तेवढी माझ्यामागे खोल्याखोल्यांतून फिरायची. मी हिला माझ्यासाठी ठेवलं.

आणि आता जे लिहायचं, त्यासाठी सकाळपासून तीन कागद फाडले. तुम्ही सोळाला येणार होतात. आई तेवीसला गेल्या. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी ते पत्र लिहिलं नसतं तर तुम्ही आला असतात, आईंना भेटला असतात. फोनवर दादा तुम्हाला म्हणाले, "सगळं आटोपलंय, आता येऊन काय करणार?" तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

मला मांजरीच्या औषधाचं विचारायचं होतं, हे खरं. पण ते दुसऱ्या कुणाला विचारता आलं नसतं असं नाही. ती जायच्या आत तुम्हाला कळावं, एवढंच होतं.

रागवा. मी काही म्हणणार नाही.

वहिनी


२९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

पार्सल आलं. आत चिठ्ठी नव्हती. पावडरचे दोन डबे, एक ड्रॉपर, मापाचा इवलासा चमचा, आणि प्रत्येक डब्यावर तुमच्या अक्षरात मात्रा. कापसात इतकं निगुतीने गुंडाळलेलं की मला वाटलं, रागावलेलं माणूस इतक्या निगुतीने बांधत नाही. मग आठवलं की तुम्ही रागातही निगुतीनेच बांधाल.

डबे टेबलावर होते. दादांनी एक उचलला, चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "हे अक्षर कुणाचं?"

मी सांगितलं. अक्षराचं सांगितलं आणि मग थांबता आलं नाही, सगळंच सांगितलं. ते खुर्चीत बसून ऐकत होते. मध्ये एकदाच विचारलं, "कितवी तारीख लिहिली होती तिने?"

"सोळा."

"आणि आई तेवीसला गेली." मग बराच वेळ डबा हातात फिरवत राहिले. "अठरा वर्षं मी म्हणत आलो, आईसाठी म्हणून एकदा आली नाही. तुझ्यासमोर म्हणत आलो. तू ऐकत होतीस."

त्यानंतर चार दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मांजरीशी मात्र बोलत होते. इतकी वर्षं तिला पाणी ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं त्यांनी, पण या चार दिवसांत औषध तेच देत होते. तुमचा चमचा काठाशी घासून सपाट भरायचे, कोमट पाण्यात कालवायचे, जमिनीवर बसायला त्रास होतो तरी बसायचे. "चल बाई, सही कर एवढ्यावर," असं म्हणायचे आणि ती चाटायची. माझ्या हातून तिने कधी इतक्या मुकाट्याने घेतलं नाही. पाचव्या दिवशी मला ऐकू जाईल इतपत आवाजात तिला सांगत होते, "तुला मीच आणलं होतं, ठाऊक आहे का? लिफ्टच्या खड्ड्यात सापडलीस. पाना-पक्कडीच्या पिशवीत घालून आणलं आणि बहिणीला दिलं. तुझी मालकीण ती. आम्ही नुसते सांभाळणारे."

काल आम्ही दोघं तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. किडनीचे आकडे वाढलेत. पावडरींनी तिचे थोडे दिवस सुखाचे गेले, पण आता त्यांच्याने फार होणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. दादांनी विचारलं, "हिला गाडीने लांब नेलं तर? दीड दिवसाचा प्रवास."

"नको. तिला झेपणार नाही."

"मग इकडेच आणावं लागणार."

"काय आणायचंय?" डॉक्टरीणबाई पेन उघडत म्हणाल्या. त्यांना वाटलं, काही औषध असेल.

"बहीण," दादा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी कपाटावरची बॅग काढली. पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले ते असं, "माझा निळा शर्ट इस्त्री केलेला आहे का?" शर्टाला आधीच इस्त्री होती. मी पुन्हा केली.

हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. तुम्हाला काय सांगायचं ते त्यांना मी काहीही पढवलेलं नाही. कदाचित ते मुद्द्याचं बोलणारच नाहीत, तुमच्या इमारतीच्या वायरिंगबद्दल बोलत बसतील. घाई करू नका. त्यांना सुरुवात करायला वेळ लागतो. आणि यायचं नसेल, तर तसं त्यांना सांगा, पण जेवू घालून सांगा.

शाळेत वार्षिक परीक्षा सुरू आहेत, मला निघता येत नाही. निघता आलं असतं तरी मी आले असते का, ते मला ठाऊक नाही.

वहिनी


२७ एप्रिल

वन्सं,

पोचल्याचं कळलं. तुम्ही होतात ते अकरा दिवस आपण दोघी डाळ-तांदूळ, पाण्याची वेळ आणि मांजर यांपलीकडे काही बोललो नाही. म्हणून लिहिते. यातलं बरंच तुम्ही पाहिलेलं आहे, पण मी ते कसं पाहिलं ते सांगते.

दादा तुम्हाला घेऊन जिना चढत होते तेव्हा मी वरून ऐकत होते. दोघंही मध्ये थांबलात. दादा म्हणाले, "कठडा सैल झालाय." तुम्ही म्हणालात, "दादा, कठडा घट्ट आहे. तुझे गुडघे सैल झालेत." आणि मग दोघांनाही हसू आलं. मी तोंडाला पदर लावून आत पळाले. चहा ठेवायचं निमित्त होतं.

कारकूनबाईने तुम्हाला ओळखलं नाही. मला वाटलं होतं की ओळखेल, मी तशी आस लावून बसले होते, माझं थोडं ओझं उतरेल म्हणून. तिने तुमची चप्पल हुंगली आणि कपाटाखाली जाऊन बसली. तुम्ही म्हणालात, "असू दे. पाच महिन्यांची होती ती." आणि जमिनीवर आडव्या होऊन दुपारभर कपाटाखाली बघत पडलात. तिसऱ्या दिवशी ती तुमच्या उघड्या बॅगेत, कपड्यांवर ठेवलेल्या वर्तमानपत्रावर जाऊन बसली. तुम्ही आम्हाला हाक मारली नाहीत. मी दारातून पाहिलं आणि मागे फिरले.

पावडरी तुम्हीच बंद केल्यात. मी सवयीने पुडी सोडत होते, तर तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "वहिनी, आता जोड वगैरे काही नको. मागेल ते घाल." इतक्या वर्षांनी तुमचा हात लागला, म्हणून मी पुडी हातात धरून तशीच उभी राहिले. मग आपण तिला नुसतं मासा उकडलेलं पाणी दिलं आणि तिने ताटली टेबलाच्या पायापर्यंत सरकवत चाटली.

बारा तारखेला ती गेली तेव्हा मी शाळेत होते. शेवटचा पेपर होता. सगळं सामान कपाटात मोजून ठेवून मी घरी यायला चार वाजले. ती सकाळी अकरा वाजता गेली होती. आईंच्या खोलीत तुम्ही दोघं भाऊ-बहीण दोन बाजूंना बसला होतात आणि मध्ये टॉवेलमध्ये गुंडाळलेली ती. दादांनी मागच्या झाडाखाली खड्डा केव्हाच खणून ठेवला होता. मी विचारलं, "थांबलात कशाला इतका वेळ?"

तुम्ही म्हणालात, "तू आली नव्हतीस ना."

वन्सं, माझ्यामुळे तुम्हाला आईंचं शेवटचं दर्शन झालं नाही, हे ठाऊक असून तुम्ही माझ्यासाठी पाच तास थांबलात. मी बादली आणायला गेले. नळ सोडून उभी होते, बादली भरून वाहत होती.

तुम्ही निघालात त्या सकाळचं लिहायचं राहिलं. दादा रिक्षा बघायला खाली गेले होते. तुम्ही कप विसळत होतात, मी पुसत होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "वहिनी, सोळा तारखेचं तिकीट मी काढलंच नव्हतं."

मी म्हटलं, "पत्रात तर लिहिलं होतंत, येते म्हणून."

"लिहिलं होतं. पण आईचं तोंड बघून परत निघता येईल की नाही, याची भीती वाटत होती. दोनदा तिकिटाच्या खिडकीपर्यंत जाऊन परत आले. तुझं पत्र आलं तेव्हा मांजरीसाठी रडले आणि मग सुटल्यासारखं वाटलं. आता जायला नको, म्हणून. ते सुटल्यासारखं वाटणं मी कधी कुणाला सांगितलं नाही." शेवटचा कप माझ्या हातात दिलात आणि खालून दादांची हाक आली.

तेव्हापासून दोन आठवडे मी हेच घोळवते आहे. हे खरं असेल, तर अठरा वर्षं आपण दोघी एकाच गोष्टीचा दोष आपापल्या घरी एकेकटीने उरावर घेऊन बसलो होतो. आणि मला हलकं वाटावं म्हणून तुम्ही ते ऐनवेळी रचलं असेल, तर ते रचताना तुम्ही कपातून एकदाही मान वर केली नाहीत, एवढं मी पाहिलं आहे. कोणतं खरं, ते मी विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका.

दादांनी आईंच्या खोलीची खिडकी काढून नीट बसवली, आता ती पूर्ण उघडते. उरलेल्या पावडरी मी डॉक्टरीणबाईंना नेऊन दिल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी म्हाताऱ्या मांजरीच्या कामी येतील. त्या म्हणाल्या, "बहीण आणली का त्यांनी?" मी म्हटलं, "आणली."

ऑक्टोबरात तुम्हाला आठवडाभर रजा मिळते, असं तुम्ही जेवताना बोलून गेला होतात. दादांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं, पण दिनदर्शिकेवर त्या आठवड्याभोवती त्यांनी पेनाने चौकट काढली आहे. आता निमित्ताला मांजर नाही. तरी या.

वहिनी